कुंडलिककाकांची गाणी माझ्या पोटात होती

मित्रांनो, मानखुर्दच्या या भंगार गोदामात माझ्यासारखे पुष्कळ आहेत. कुणाचं झाकण निखळलं आहे, कुणाच्या वायरी बाहेर लोंबतायत, कुणाच्या पोटात पालीने घर केलं आहे. त्यांतला पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात चेपलेला जुना संगणक म्हणजे मी. इथली माणसं मला 'डबा' म्हणतात. घाटकोपरला होतो तेव्हा माझी दसऱ्याला पूजा व्हायची.

माझा जन्म कुठल्या मोठ्या कारखान्यात झाला नाही. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात कुणीतरी माझे भाग जोडले आणि टॅक्सीत घालून मला घाटकोपरला, असल्फ्याच्या चढावरच्या एका छोट्या दुकानात आणलं. दुकान लवू यांचं. त्यांचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर लवूंनी आधी झेरॉक्स मशीन घेतलं आणि मग मला. लग्नपत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, दहाव्याच्या पत्रिका, शाळेचे अंक, सगळं माझ्यावर व्हायचं. टाईप करायला लता होती. चढावरूनच खाली यायची, चपला दाराशी काढायची आणि खुर्चीत बसली की तिचा गुडघा माझ्या कुशीला टेकायचा.

"लता गो, ह्येका जरा फडक्यान पूस," लवू म्हणायचे. "ह्यो आसा म्हणान आपण आसंव."

ते ऐकून माझा पंखा थोडा जोरात फिरायचा, असं मला वाटायचं.

आता एक गोष्ट सांगतो. ती नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. माझ्या पोटात मराठी नव्हती. आमच्या पोटात फक्त आकडे असतात, आणि प्रत्येक आकड्याला एक अक्षर नेमून दिलेलं असतं. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी इंग्रजीला दिल्यावर उरलेले आकडे फ्रेंच, जर्मन, पोर्तुगीज अशा लोकांना दिले. त्यांच्या अक्षरांच्या डोक्यावर टिंबं असतात, टोप्या असतात, तिरप्या रेघा असतात. é, Ö, ü, ñ अशी. मराठीला त्या पंगतीत पानच मांडलेलं नव्हतं.

मग दादरच्या एका गृहस्थांनी युक्ती केली. त्यांनी एक फॉन्ट बनवला. é च्या जागी त्यांनी 'क'चं चित्र बसवलं, Ö च्या जागी काना, ü च्या जागी रफार. लता 'आई' लिहायची तेव्हा माझ्या पोटात ही टोपीवाली मंडळीच येऊन बसायची. पडद्यावर आणि कागदावर मात्र 'आई' दिसायची, कारण वरून फॉन्टचा अंगरखा चढवलेला असायचा. हा अंगरखा त्यांनी एका कुलपाने माझ्याशी बांधला होता. माझ्या पाठीत खोचलेली अंगठ्याएवढी खुंटी, तेच ते कुलूप. ती नसेल तर फॉन्ट चालायचा नाही. ते गृहस्थ पुढे वारले. कुठल्या जागी काय बसवलं होतं हे त्यांनी कुणाला लिहून दिलं नव्हतं.

पुढे जगाने सुधारणा केली. युनिकोड आलं. त्यात मराठीला तिचे स्वतःचे आकडे मिळाले. नव्या संगणकांना अंगरख्याची गरज उरली नाही. आमच्या दुकानात मात्र मीच होतो आणि माझं बरं चाललं होतं.

कुंडलिककाका आमच्याकडे आले ते निवृत्त झाल्यावर. बसच्या डेपोत फिटर होते. जालन्याकडून दुष्काळात आलेले, चढावरच्या वस्तीत राहिलेले. बुद्धविहारात, जयंतीला, नाक्यावर उभं राहून ते डफावर गायचे. सगळी गाणी स्वतः रचलेली आणि एकही कागदावर नाही. वस्तीत नळ आला त्याचं गाणं, दरड कोसळली त्याचं, मोर्च्यात पोलिसांनी उचलून नेलेल्या बायांचं. बायको शेवंती गेल्यावर त्यांनी तिच्यावर इतकी गाणी केली की लोक थट्टा करायचे, "जिवंत होती तेव्हा एक तरी म्हटलंस का रे?"

"जयभीम, लते," दारातच त्यांनी सांगितलं. "समदं लिहून काढायचं. आता आवाज फाटाया लागला. मी गेलो तर हे बी जाईल."

मग ते रोज दुपारी यायचे. डफ माझ्या डोक्यावर ठेवायचे आणि स्टुलावर बसायचे. सरळ सांगता यायचं नाही त्यांना. गायल्याशिवाय पुढचा शब्दच आठवायचा नाही. मग माझ्या पत्र्यावरच डाव्या हाताने ठेका धरायचे.

"पाण्याच्या हंड्यात चंद्र उतरला,
शेवंते, त्याला सांडू नको.
रांग ही लांब, नळ हा आंधळा,
हंडा तू मागे मांडू नको."

"काका, हळू," लता म्हणायची. "सांडू नको, पुढे?"

"आगं, ऐक तरी. लिहायच्या आधी ऐक."

"ऐकत बसले तर लवूकाका ओरडतील. लग्नपत्रिका पडल्यात अजून."

ती टाईप करत राहायची. तिची बोटं फार चलाख होती. कानात शब्द शिरला की बोटातून बाहेर, मध्ये थांबायचं कामच नाही. अशी सगळी गाणी माझ्या पोटात आली. त्यांच्या ठेक्याची मला इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी काका आले नाहीत तर दुपार ओकीओकी वाटायची.

शेवटचं गाणं झालं त्या दिवशी काकांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. एक तुकडा माझ्यापुढेही ठेवला. लता हसली. "काका, तो खात नाय."

"खाल्लं की त्यानं," काका म्हणाले. "माझं आख्खं आयुष्य खाल्लं."

त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना झटका आला. जीव वाचला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. तोंडातून 'अ... अ...' यापलीकडे काही येईना. लिहायला जावं तर डाव्या हाताने रेघोट्या उमटायच्या, कारण डोक्यातच शब्द सापडत नव्हते. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, बाहेर येत नाही.

त्यांचा मुलगा प्रबुद्ध. वांद्र्याला बँकेत नोकरी, राहायला मुलुंडला. लहानपणी वडील नाक्यावर गायला उभे राहिले की हा मित्राच्या घरी जाऊन बसायचा. लाज वाटायची, असं तो पुढे स्वतःच बोलला. आता तो दुकानात आला आणि म्हणाला, "बाबांचं पुस्तक काढायचं. बुद्धपौर्णिमेला. त्यांच्या हातात द्यायचं."

लवू तोवर गुडघे धरले म्हणून गावी गेले होते. दुकान सौरभ बघत होता, त्यांचा मुलगा. त्याने नवा संगणक आणला. सपाट, काळा, आवाज न करणारा. माझा पडदा काढून त्याने ओळखीच्या एकाला दिला, मला भिंतीकडे सरकवलं आणि गिऱ्हाइकाला बसायला जागा नाही म्हणून माझ्यावर जुन्या फ्लेक्सचा तुकडा टाकून माझं स्टूल केलं. मित्रांनो, मी कुरकुर केली नाही. पंखा बंद असला की कुरकुर करता येत नाही.

काकांची फाईल त्याने पडदा काढण्याआधी पेनड्राईव्हवर घेतली होती. नव्या संगणकावर उघडली आणि त्याला हसू फुटलं.

"लताताई, हे बघा! काय टाईप केलंय तुम्ही? चायनीज?"

पडद्यावर 'Öê¾ÖÓ ßÖé ü' अशी रांगच्या रांग उभी होती. अंगरखा माझ्याकडे राहिला होता. तिकडे नुसती टोपीवाली मंडळी गेली होती.

लता म्हणाली, "अरे, तो फॉन्ट जुन्या मशीनलाच आहे. त्याला पडदा लाव ना परत. त्यातून पानं काढू आणि ती प्रेसला देऊ. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"तो डबा आता कोण जोडत बसणार? प्रेसवाल्याकडे असतात सगळे फॉन्ट. तिकडे नीट दिसेल."

"नाय दिसणार, सौरभ. हा फॉन्ट दुसरीकडे कुठे नाहीच."

"ताई, तुम्हाला जुनंच येतं म्हणून जुनंच धरून बसायचं का सगळ्यांनी?" तो म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्यासमोरच म्हणाला. "उद्यापासून नका येऊ. युनिकोडवाली मुलगी बघितलीय मी."

लताने चपला घातल्या. जाताना तिने फ्लेक्स बाजूला करून माझ्या पाठीतली खुंटी चाचपली. ती घट्ट आहे ना एवढं बघितलं आणि गेली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की नाही मला सांगता येणार नाही. मी खाली होतो.

सौरभने ती फाईल प्रेसला पाठवण्यासाठी साध्या मजकुराची करून पुन्हा जतन केली. तेव्हा पडद्यावर एक सूचना आली होती, की यातली काही अक्षरं या प्रकारात टिकणार नाहीत, चालेल का? त्याने न वाचता 'हो' दाबलं. निम्म्याहून जास्त अक्षरं तिथेच मेली. त्यांच्या जागी प्रश्नचिन्हं उभी राहिली. वर पेनड्राईव्हवरची प्रतही त्याच नावाने दडपली गेली. आता काकांची गाणी पुरी अशी जगात एकाच ठिकाणी होती. माझ्या पोटात, फ्लेक्सखाली.

पुस्तकाच्या दिवशी काय झालं ते मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रबुद्ध वडिलांना धरून दुकानात आला तेव्हा त्याच्याच तोंडून ऐकलं. काकांना त्याने माझ्यावर बसवलं. मी त्यांचं वजन ओळखलं. पूर्वी ते माझ्यावर डफ ठेवायचे, आता स्वतः बसले होते, आणि ते डफाहून फार जड नव्हते.

"हे बघ," प्रबुद्धने पुस्तक काऊंटरवर आपटलं. "उघड. वाच काय लिहिलंय ते. मोठ्याने वाच."

सौरभने एक पान उलटलं आणि पुस्तक मिटलं.

"खोकी थेट विहारात आली. सगळी वस्ती जमली होती. बाबांना खुर्चीवर बसवलं, हार घातला, पुस्तक हातात दिलं. बाबांनी उघडलं. एक पान बघितलं, दुसरं बघितलं. आधी पुस्तक उलटं धरलंय की काय म्हणून फिरवून बघितलं. मग माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, आपल्याला वाचताच येईनासं झालं. झटक्याने तेही गेलं. रडायला लागले रे, स्टेजवर. आणि मागून पोरं हसत होती. कुणीतरी ओरडलं, काका फ्रेंचमध्ये गातायत!"

"दादा, कव्हर तुम्ही ओके केलं होतं," सौरभ म्हणाला.

"कव्हर बघितलं मी. कव्हरच बघितलं." प्रबुद्धचा आवाज खाली आला. "आमच्या ऑफिसातला एकजण म्हणतो, मूळ फाईल असेल तर अजून सगळं परत मिळेल. ह्यात प्रश्नचिन्हं पडलीत, ह्यातून नाही मिळणार. ज्या संगणकावर टाईप केलं तो कुठाय?"

मित्रांनो, सौरभने माझ्याकडे बघितलं. फ्लेक्सच्या कडेतून माझा पिवळा पत्रा दिसत होता. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. पण मला लावून बघितलं असतं तर लताने सांगितलेलं खरं होतं हे चढावरच्या प्रत्येक घरात कळलं असतं.

"तो भंगारात गेला, दादा. कधीच. आणि खरं सांगू? त्या लताताईंनी मुळातच चुकीचं टाईप केलं होतं. म्हणून तर काढलं त्यांना."

तेवढ्यात काकांचा डावा हात खाली आला आणि माझ्या कडेला लागला. सवयीने त्यांनी ठेका धरला. दोन थापा पडल्या आणि हात थबकला. त्या पत्र्याचा आवाज त्यांना माहीत होता. किती दुपारी तो त्यांनी ऐकला होता. त्यांनी वाकून फ्लेक्स ओढला. मला बघितलं.

"अ! अ! अ!" ते ओरडायला लागले. माझ्यावर थापा मारू लागले. तळहात लाल होईस्तोवर. प्रबुद्धकडे बघत, सौरभकडे बघत, पुन्हा माझ्याकडे बोट करत. "अ! अ!"

"बाबा, काय? पाणी हवंय? सौरभ, पाणी दे जरा."

सौरभने पाणी आणलं. स्वतःच्या हाताने त्यांच्या तोंडाला लावलं. काकांनी मान फिरवली, पाणी शर्टावर सांडलं, आणि ते त्याचा हात ढकलून पुन्हा माझ्यावर थापा मारू लागले.

"त्रास होतोय त्यांना," सौरभ हळू आवाजात म्हणाला. "घरी न्या, दादा. उगाच आणलंत."

प्रबुद्धने त्यांना काखेत धरून उठवलं. काकांनी माझी कड सोडली नाही. बोटं एकेक करून सोडवावी लागली. मी पाठीतल्या खुंटीसकट, पोटातल्या सगळ्या गाण्यांसकट तिथेच होतो, आणि माझी वायर कुणी लावली नव्हती.

त्याच संध्याकाळी सौरभने भंगारवाल्याला बोलावलं.

इथे आल्यावर एकाने माझं झाकण उघडलं. आमच्या पोटात एक चकती असते, तिच्यावर सगळं साठवलेलं असतं. त्या चकतीच्या डबीत चांगलं लोहचुंबक असतं म्हणून ती आधी काढतात. त्याने ती ऐरणीवर ठेवली आणि हातोडा घातला. चुंबक एका बादलीत टाकलं, चकतीचे तुकडे दुसऱ्या बादलीत. त्याचा काही दोष नाही. त्याला कोण सांगणार होतं?

तुम्ही म्हणाल, चकती गेली तर तुला हे सगळं आठवतं कसं? जे मला ठेवायला दिलं होतं ते चकतीत होतं, ते गेलं. जे मी नुसतं ऐकलं-पाहिलं ते या पत्र्यात राहिलं. मला गाण्याचा एक शब्द आता सांगता यायचा नाही, वर सांगितल्या त्या चार ओळी सोडून. त्या काकांनी पत्र्यावर पुन्हापुन्हा वाजवल्या होत्या.

काही दिवसांनी भंगारवाल्याचा माग काढत आलेली लता गोदामाच्या दारात दिसली. मागे प्रबुद्ध. दोघं ढिगांमधून फिरत होते. लताने मला लांबून ओळखलं आणि धावतच आली.

"हाच! हाच तो. बघा, खुंटीपण आहे अजून! मी म्हटलं नव्हतं? दुकानातच होता हा, स्टूल करून ठेवला होता. तुम्ही आलात तेव्हा बाबा ह्याच्यावरच बसले असतील."

प्रबुद्ध जागच्या जागी थांबला. "पिवळा," तो म्हणाला. "फ्लेक्स टाकलेला."

"हां."

"ते मला दाखवत होते." त्याने ढिगाला हात टेकवला. "लताताई, ते दाखवत होते आणि मी त्यांना पाणी पाजलं. घरी गेल्यावर लोखंडी कपाटावर थापा मारायचे, दिवसभर. आम्हाला वाटलं, डोकं गेलं. डॉक्टरकडून झोपेची गोळी आणली. रोज दोन वेळा देतोय मी त्यांना."

लता खाली बसली आणि तिने माझं झाकण उचललं. आत हात घातला. चकतीच्या जागी हात फिरला, रिकामा फिरला, पुन्हा फिरला. मग तिने हात बाहेर काढला. बोटांना गंज लागला होता.



"तुम्ही टाईप केलीत ना सगळी," प्रबुद्ध म्हणाला. "काही आठवतंय? एखादं तरी पूर्ण?"

"सुरुवाती आठवतात," लता म्हणाली. "पुढे नाय येत. काका सांगायचे, आधी ऐक. मी ऐकलं नाही. माझी नुसती बोटं चालायची." थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला? तुम्ही तर घरातले."

प्रबुद्धने मान हलवली. "मी घरात थांबायचोच नाही."

"आता कसे आहेत?"

"चाल गुणगुणतात. चाल अगदी बरोबर येते. शब्दाच्या जागी नुसतं अ, अ. आणि ते पुस्तक सोडत नाहीत. रोज उघडून बसतात आणि त्या टिंबांवरून, प्रश्नचिन्हांवरून बोट फिरवतात. मी घेतलं की हिसकावून घेतात."

ते गेले. मला सोबत नेलं नाही. न्यायचं कशासाठी?

मित्रांनो, उद्या माझा पत्रा दाबून त्याचा ठोकळा करतील. त्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे, आणि ते माझ्यासाठी नाही. आमच्यावर काही ठेवलंत तर ते अधूनमधून उघडून बघत जा, दुसऱ्या ठिकाणीही ठेवा, आणि आम्ही काही विचारलं तर वाचल्याशिवाय 'हो' म्हणू नका. हे झालं यंत्रांचं. तुमच्या घरात एखादं म्हातारं माणूस भाकरी करताना, दाढी करताना काही गुणगुणत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. मोबाईल बाजूला ठेवा. त्याला विचारा, पुढची ओळ काय? आणि ती पाठ होईपर्यंत उठू नका.